शून्य प्रवाशांचा थांबा

दर सोमवारी सकाळी शहर बस कंपनीच्या माहिती विभागात काहीही घडत नसे, आणि ते न घडणं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसे. पडद्यावर चौकोनांची एक रांग होती. एकेक चौकोन आधी करडा असे, मग पिवळा होई, मग हिरवा. शेवटचा हिरवा झाला की साहेब केबिनच्या दारातून मान बाहेर काढून विचारत, "हिरवं?" कुणीतरी म्हणे, "हिरवं." मान आत जाई. आठवड्याचं काम झालं.

या रांगेला वर्कफ्लो म्हणत. शहरातल्या प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक यंत्र होतं. प्रवाशाने कार्ड टेकवलं की ते 'टुंग' करी आणि अमुक बस, अमुक थांबा, अमुक कार्ड अशी नोंद गोदामात जाऊन पडे. हे गोदाम ढगात होतं. ढगात म्हणजे भाड्याचं. कुठल्या तरी परक्या गावात, कुणाच्या तरी थंडगार इमारतीत. पण 'क्लाउड डेटा वेअरहाउस' असं म्हटलं की बैठकीत माणसं खुर्चीत ताठ बसत, म्हणून तसंच म्हणायची पद्धत होती. सोमवारी वर्कफ्लो या गोदामाला एक ठरलेला प्रश्न विचारी. प्रश्नाला क्वेरी म्हणत. प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या थांब्यांवर एकही माणूस बसमध्ये चढला नाही? उत्तर म्हणून यादी येई. यादीचं नाव 'मृत थांबे'. यादीतल्या प्रत्येक खांबावर त्याच दिवशी नोटीस चिकटे, आणि पुढच्या सोमवारी तेच नाव पुन्हा आलं की दुरुस्ती पथक जाऊन खांब उपटून आणी. सगळं आपोआप. 'आपोआप' हा शब्द साहेब अशा आवाजात उच्चारत, की लोक मुलाला पहिला नंबर मिळाल्याचं सांगतात तो आवाज आठवावा.

यादी आली का हे बघणं क्वेरीताईचं काम होतं. यादीत काय आलं हे बघणं कुणाचंच काम नव्हतं.

क्वेरीताई हे तिचं ऑफिसातलं नाव. वय पन्नाशीकडे झुकलेलं, चष्मा डोक्यावर ठेवून तो सगळीकडे शोधायची सवय, आणि संख्याशास्त्राची पदवी, जिचा उपयोग कंपनीने तिला पडद्यासमोर बसवून घेण्यापुरता केला होता. त्या सोमवारी चहा गार होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून तिने यादी उघडली, आणि चहा खरोखरच गार झाला.

यादीत अंधशाळा होती. वृद्धाश्रम फाटा होता. पेन्शन कार्यालय होतं. आणि त्याखाली होतं, मूत्रपिंड उपचार केंद्र : प्रवासी शून्य.

मूत्रपिंड केंद्राच्या थांब्यावरून आठवड्यातून तीन वेळा जो एक प्रवासी चढत असे, त्याला ती जन्मापासून ओळखत होती. तिने फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"कुठे असणार? मशीनला बांधून ठेवलंय."

"घरी बसनेच येणार ना?"

"छे, विमान सांगितलंय. गच्चीवर उतरणार आहे."

"बाबा, थट्टा नको. केंद्रासमोरच्या थांब्यावरूनच चढता ना तुम्ही?"

"मग काय पूल ओलांडून जाऊ? अगं, इथून सुटल्यावर पायांत जीव नसतो. आणि चढतो म्हणजे काय, घुसावं लागतं. सगळे इथलेच, एकेकाच्या हाताला पट्टी. ड्रायव्हर बिचारा बटण दाबून दाबून थकतो."

"बटण?"

"ते 'मोफत'चं. बरं, नर्स डोळे वटारतेय, ठेव."

क्वेरीताईने फोन ठेवला आणि प्रश्न उघडला. तो ढगात विचारला जात असला तरी लिहिलेला माणसानेच होता, आणि तो वाचायला तिला फार वेळ लागला नाही. गोदामात दोन तक्ते होते. एका तक्त्यात बसमध्ये चढलेले, दुसऱ्यात कार्डधारक. क्वेरी दोन्ही तक्ते जोडी, आणि ज्या चढणाऱ्याचा जोडीदार दुसऱ्या तक्त्यात सापडत नसे त्याला गुपचूप गाळून टाकी. म्हातारे, अंध, डायलिसिसवाले आणि कंपनीचे निवृत्त कर्मचारी यांना प्रवास मोफत. त्यांच्याकडे कार्ड नाही. ड्रायव्हर बटण दाबी, नोंद गोदामात पोहोचे, पण कार्डाचा रकाना कोरा. कोऱ्याला जोडीदार कुठून मिळणार? म्हणजे लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने 'फक्त जोडपी थांबा' म्हणावं, आत्या, मोठे काका आणि बिनलग्नाचा मामा मुकाट्याने बाजूला व्हावेत, आणि पुढे तो फोटो बघून कुणी निकाल द्यावा, की या घराण्यात म्हातारी माणसं नव्हतीच.

तिने तोच प्रश्न, कुणालाही न गाळता, गोदामाला विचारून पाहिला. मूत्रपिंड केंद्र सगळ्यांत गजबजलेल्या थांब्यांच्या पंक्तीत जाऊन बसलं.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला आली. अधिकारी कॉलनीच्या थांब्यावरचे प्रवासी रोज तेवढेच होते. रविवारीही तेवढेच, संपाच्या दिवशीही तेवढेच. हे प्रवासी आजारी पडत नव्हते, कुणाच्या मयताला जात नव्हते. खोदून पाहिलं तर ते प्रवासी नव्हतेच. कॉलनीशी बस वळते, आणि वळण्याआधी यंत्र चालू आहे ना हे बघायला ड्रायव्हर स्वतःचं कार्ड टेकवतो. ड्रायव्हरचं कार्ड मात्र कार्डधारकांच्या तक्त्यात होतं. त्याला जोडीदार होता. तो फोटोत होता.

ती केबिनमध्ये गेली.

"साहेब, यादी चुकलीय."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "हिरवं आहे ना?"

"हिरवं आहे."

"मग?"

"हिरवं म्हणजे क्वेरी चालली एवढंच. बरोबर चालली असं नाही."

"मॅडम," साहेब मऊ आवाजात म्हणाले. समोरच्याला अक्कल नाही असं वाटलं की त्यांचा आवाज मऊ होई. "चुकली असती तर लाल झाली असती."

तिने जोडणी समजावली. फोटोचं उदाहरणही दिलं. साहेबांना फोटो पटला, जोडणी पटली नाही. त्यांनी सल्लागाराला पडद्यावर बोलावलं. हा सल्लागार दुसऱ्या शहरात राही, तिसऱ्या शहरातल्या लोकांसाठी काम करी, आणि या शहरातल्या बसमध्ये आजवर एकदाही चढला नव्हता. क्वेरी त्याची होती. त्याबद्दल त्याला मागच्या वर्षी शाल मिळाली होती.

"मॅडमचा मुद्दा इंटरेस्टिंग आहे," सल्लागार म्हणाला. "पण कार्ड नसलेल्या नोंदींना आम्ही डेटा म्हणत नाही. आम्ही त्याला गोंगाट म्हणतो."

"ती माणसं आहेत."

"असू शकतील. पण पडताळता येत नाहीत ना."

"माझ्या वडिलांना मी पडताळलेलं आहे," ती म्हणाली. "चांगली पन्नासएक वर्षं."

साहेब हसले, सल्लागार हसला. ती हसली नाही म्हणून मग दोघेही गंभीर झाले.

"हा थांबा काढायचा निर्णय नक्की घेतला कुणी?" तिने विचारलं.

"कुणी नाही," साहेब म्हणाले. "तीच तर गंमत आहे. आपोआप."

"पण शेवटी मंजुरीचा एक चौकोन आहे. ती कोण देतं?"

"परिचालन प्रमुख."

"ते मागच्या वर्षी निवृत्त झाले."

"हो. पद भरायचंय. मेल मात्र त्यांनाच जातो, आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी धरून चालतात. काम अडायला नको ना कुणाच्या निवृत्तीमुळे!"

खुर्ची रिकामी, मेलची पेटी जिवंत, आणि उत्तर नाही म्हणजे होकार. क्वेरीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती मध्यमवर्गीय असल्यामुळे 'बरं' म्हणून बाहेर आली.

बाबा याच कंपनीत ड्रायव्हर होते. निवृत्त होताना त्यांना प्लॅस्टिकमध्ये बसवलेला पास मिळाला होता, आजन्म मोफत. तो ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवत. बाहेरच्या खिशात ठेवायची ती वस्तू नव्हे असं त्यांचं मत होतं. आता मूत्रपिंडांनी हात टेकले होते, पण बसमध्ये बसले की ब्रेक कुठे मारायला हवा होता हे ते अजूनही मोठ्याने सांगत, आणि नव्या पोरांना ऐकून घ्यावं लागे.

संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"कंपनीने केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल."

"बाबा, कुणीही विचार केलेला नाही! तेच तर सांगतेय मघापासून."

"अगं, एवढी मोठी कंपनी. तुला जे दिसलं ते त्यांना दिसलं नसेल होय?"

"त्यांच्या हिशोबी तुम्ही बसमध्ये चढतच नाही. तुम्ही गोंगाट आहात."

"हे मात्र तुझी आई पण म्हणायची."

आई फोटोतून बघत होती. तिचं म्हणणं कळायला मार्ग नव्हता.

"थांबा गेला तर काय करणार तुम्ही?" क्वेरीताईने विचारलं. "पूल चढून पलीकडे जाल? त्या अवस्थेत? रिक्षावाले तिथे थांबत नाहीत, मला रोज दुपारी सुटी मिळणार नाही."

"बघू. एखादा दिवस नाही गेलो तर काय आभाळ कोसळतंय?"

हेच वाक्य ऐकायचं नव्हतं तिला. एखादा दिवस न गेलं तर काय होतं ते डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आणि बाबांनी ते न ऐकल्यासारखं केलं होतं.

"एक उपाय आहे," ती म्हणाली. "कार्ड घ्यायचं. टेकवायचं. मग तुम्ही दिसाल."

बाबांनी चष्मा काढला. "तिकीट काढू म्हणतेस?"

"कार्ड."

"तिकीटच ते. मी? या कंपनीच्या बसमध्ये? इतकी वर्षं लोकांना पोहोचवलंय मी इथून तिथे, उन्हातान्हात, दंगलीत... आणि आता त्या पोरासमोर टुंग करू? उतरवून टाक मला मधेच, त्यापेक्षा."

"पास आहे तोवर तुम्ही त्यांना दिसत नाही, बाबा."

"मग डोळे तपासायला सांग त्यांना!"

ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"माझ्या शेजारच्या मशीनवरच्या त्या शाळेच्या बाईंना पण घ्यावं लागेल कार्ड? आणि शिंप्याला?"

"सगळ्यांनी घेतलं तर बरं."

"शिंपी नाही ऐकायचा. भांडखोर आहे." दार पुन्हा लागलं. आतून आवाज आला, "त्याच्याशी मी बोलतो."

शिंपी ऐकला. त्या बुधवारी आणि शुक्रवारी मूत्रपिंड केंद्रासमोर ज्यांना फुकट बसायचा हक्क होता त्या सगळ्यांनी पैसे मोजून टुंग केलं. निवृत्त शिक्षिकेने केलं, शिंप्याने ड्रायव्हरकडे जळजळीत पाहत केलं, आणि शेवटी बाबांनी, तोंड खिडकीकडे फिरवून. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुम्ही कशाला?" बाबा म्हणाले, "माझ्या मुलीला विचार. ती मोठी शिकलेली आहे." पुढे घरापर्यंत त्यांनी एकाही ब्रेकबद्दल तक्रार केली नाही. ड्रायव्हरला काळजी वाटली म्हणे.

सोमवारी क्वेरीताई लवकर येऊन पडद्यासमोर उभी राहिली. चौकोन पिवळे झाले, हिरवे झाले. यादी उघडली.

मूत्रपिंड उपचार केंद्र : प्रवासी शून्य.

तिने चष्मा पुसला. कालपर्यंतच्या टुंगा गोदामात होत्या, तिने स्वतः मोजून घेतल्या होत्या. मग मधल्या चौकोनात काय होतं ते तिने उघडून पाहिलं. त्या चौकोनाचं नाव 'स्वच्छता'. एखाद्या थांब्यावर एरवी कुणी नसताना अचानक गर्दी झाली, तर ती संशयास्पद समजून पुसून टाकायची, असा तिथे नियम होता. सल्लागाराने लिहून ठेवलं होतं, की यंत्र बिघडलं तरच असं होतं. खरी माणसं अशी अचानक उगवत नाहीत.

म्हणजे मोफत चढले तर गोंगाट, पैसे देऊन चढले तर घाण.

"हिरवं?" साहेबांची मान बाहेर आली.

मान थोडा वेळ तशीच राहिली आणि आत गेली.

परिचालन प्रमुखांच्या पेटीत मेल गेला. परिचालन प्रमुख त्या वेळी नातवाला शाळेतून आणत असावेत. दोन दिवस सरले, मंजुरी झाली, आणि गुरुवारी पथकाने येऊन खांब उपटला. पथकातल्या माणसांना वाईट वाटलं. नेमक्या त्याच वेळी तिथे पट्ट्या बांधलेली बरीच माणसं बसची वाट पाहत उभी होती. "आमच्या हातात काही नाही हो," पथकाचा मुकादम म्हणाला, आणि खांब हातात घेऊन गाडीत चढला.

शुक्रवारी केंद्रातून सुटल्यावर बाबा पूल चढायला निघाले. अर्ध्यावर पाय गेले, कठड्याला टेकून ते खाली बसले. शेजारून बस गेली. ड्रायव्हरने ओळखलं, हॉर्न दिला, पण पुलावर थांबायला परवानगी नाही. शेवटी कुणा अनोळखी मुलीने स्कूटरवरून घरी आणून सोडलं. क्वेरीताई ऑफिसातून धावत आली तेव्हा ते खुर्चीत बसले होते, ओठ पांढरे.

"सोमवारी नाही जायचा मी," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले. दुकान बंद आहे असं सांगावं तसं म्हणाले.

त्या दिवशी ती परत ऑफिसात गेली. बसमध्ये बसून तिने मनातल्या मनात साहेबांशी मोठं भांडण केलं आणि जिंकलं. पण असली भांडणं तिने आयुष्यभर जिंकली होती आणि त्यातून कधी एक खांबही उभा राहिला नव्हता. म्हणून मग ती मनात भांडायची थांबली आणि विचार करू लागली. राग फार झाला की तिला स्पष्ट दिसायला लागे; चष्म्याची गरजही कमी भासे.

क्वेरी बदलायला बंदी नव्हती. बदल सुचवायचा, कारण लिहायचं, मंजुरीसाठी पाठवायचा, एवढाच नियम होता. मंजुरी कोण देणार? परिचालन प्रमुख. आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर?

तिने जोडणी बदलली. जोडीदार नसलेल्यांना फोटोत घेतलं. यंत्र तपासायला टेकवलेली ड्रायव्हरांची कार्डं वगळली. स्वच्छतेच्या चौकोनात लिहिलं, की माणसं पुसायची नाहीत. कारणाच्या रकान्यात तिने सगळं उघड लिहिलं, स्वतःचं नाव घातलं, आणि प्रत साहेबांना आणि सल्लागाराला पाठवली. दोघांनीही ती उघडली नाही. हिरव्या गोष्टी उघडायची त्या विभागात पद्धत नव्हती.

परिचालन प्रमुखांनी, नेहमीप्रमाणे, होकार दिला.

सोमवारी बाबा गेले नाहीत. ती त्यांना तसंच घरी ठेवून, शेजारच्या काकूंना बसवून आली होती, आणि पडद्याकडे पाहताना तिच्या डोळ्यांसमोर पडदा नव्हताच. चौकोन हिरवे झाले. यादी अगदी छोटी आली. अंधशाळा नाही, वृद्धाश्रम नाही, पेन्शन कार्यालय नाही, मूत्रपिंड केंद्र नाही. सगळ्यांत वर होतं, अधिकारी कॉलनी : प्रवासी शून्य.

दुपारच्या चहाच्या वेळी साहेबांचा फोन वाजला. केबिनचं दार बंद असूनही त्यांच्या बायकोचा आवाज बाहेर ऐकू आला. कॉलनीच्या थांब्यावर नोटीस चिकटली होती. 'हा थांबा प्रवाशांअभावी बंद करण्यात येत आहे.' साहेबांच्या बाईंनी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली होती. कारण त्या रोज पाय मोकळे करून त्या निवाऱ्याखाली बसत. बसत नसत, म्हणजे बसमध्ये बसत नसत, बाकावर बसत. आणि साहेबांनी कॉलनीतलं राहतं घर विकायला काढलं होतं. जाहिरातीत पहिल्याच ओळीत होतं : बसथांबा दारात.

साहेब बाहेर आले. मान नव्हे, आख्खे आले.

"हे कुणी केलं?"

"कुणी नाही," क्वेरीताई म्हणाली. "आपोआप."

"मॅडम, मी गंमत करत नाहीये!"

"मीही करत नाहीये. हिरवं आहे, साहेब. बघा ना."

साहेबांनी पाहिलं. हिरवं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तो रंग पहिल्यांदाच वाईट दिसला. त्यांनी तिथेच, तिच्या टेबलावरच्या फोनवरून, मार्ग विभागाला फोन लावला. बोलणं फार लांबलं नाही. "थांबवा. हो, सगळंच. जैसे थे. तांत्रिक कारण लिहा." फोन ठेवला, रुमालाने कपाळ पुसलं.

पडद्यावरचे सगळे चौकोन करडे झाले.

ती त्या करड्या चौकोनांकडे पाहत राहिली. एवढंच होतं तर. एक फोन. तोही तिच्याच टेबलावर ठेवलेला. बाबा पुलाच्या कठड्याला टेकून बसले होते तेव्हाही तो इथेच होता.

"म्हणजे थांबवता येतं," ती म्हणाली.

"अपवादात्मक परिस्थितीत."

"आणि जैसे थे म्हणजे?"

"जे आहे ते तसंच राहील."

"म्हणजे तुमचा खांब उभा आणि केंद्राचा खांब पथकाच्या गोदामात."

"तो गेल्या आठवड्याचा निर्णय आहे. मागे कसं जाणार?"

आतापर्यंत ती मऊ बोलली होती. आताही मऊच बोलली, पण शेजारच्या टेबलांवरचे कीबोर्ड बंद पडले.

"साहेब, माझे वडील या कंपनीचे ड्रायव्हर होते. शुक्रवारी ते रस्त्यात बसले. आज ते डायलिसिसला गेलेले नाहीत. तुमच्या पडद्यावर हे काहीच दिसत नाही, म्हणून मी इथे उभी राहून सांगतेय. तुम्ही आत्ता जे थांबवलं ते मंजूर झालेलं आहे, नियमाप्रमाणे. मंजूर झालेलं थांबवायचं तर नियमाप्रमाणे लेखी द्यावं लागतं. द्या. लिहा, की अधिकारी कॉलनीच्या थांब्यावर एकही माणूस चढत नाही, तरी तो मी ठेवतोय. खाली सही करा. मी जाऊन गोदामात टाकते. माणसाने केलेली एक तरी नोंद राहील तिथे."

साहेब सही करणारे नव्हते. कुठलीही सही न करता ते इथवर आले होते.

"तुम्हाला हवंय काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"माझ्यासाठी काही नको. खांब परत लावा. नुसता केंद्राचा नाही, गेल्या सहा महिन्यांत उपटलेले सगळे. आणि क्वेरी अशीच राहील."

"आणि कॉलनी?"

"ते तुम्ही आणि तुमचा सल्लागार बघा."

सल्लागाराने बघितलं. तासाभरातच थांब्यांच्या तक्त्यात एक नवा रकाना उघडला गेला होता : 'धोरणात्मक'. हा रकाना भरलेला असला की क्वेरी त्या थांब्याला काहीच विचारत नसे. शहरातल्या हजारो थांब्यांत तो भरलेला थांबा एकच होता. सल्लागार म्हणाला, मॅडमच्या मुद्द्यातूनच ही सुधारणा सुचली. पुढच्या बैठकीत तिचं नाव घेऊ, म्हणाला. तिने त्याला सांगितलं, की कृपा करून घेऊ नका, आणि पडदा बंद केला.

तिच्या मनात आलं, की आपण जिंकलो तर मग अंगाची लाही का होतेय? खांब परत लावायला पथकाला केलेला फोनही साहेबांनी अर्ध्या मिनिटात उरकला होता. तेवढ्या अर्ध्या मिनिटाचंच काम होतं ते, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्याला तिकीट काढायला लागलं, शिंप्याला अपमान गिळावा लागला. जिंकणं म्हणतात ते हे असेल, तर हरलेल्यांचं काय होत असेल देव जाणे. ती लवकर निघाली. साहेबांना विचारलं नाही. बाबांना रिक्षात घालून केंद्रात नेलं, नर्सच्या शिव्या खाल्ल्या, आणि मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिली.

बुधवारी तिने अर्धी रजा टाकली आणि त्यांना आणायला गेली. खांब उभा होता. थोडा तिरका होता, आणि खालचं सिमेंट अजून ओलं होतं. शिंप्याने त्यात काडीने काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते शिक्षिकाबाई चपलेने पुसत होत्या. बस आली. ड्रायव्हरने बटणावर बोट ठेवलं. बाबांनी आतल्या खिशातून पास काढला, प्लॅस्टिक शर्टाला पुसलं, आणि समोर असा धरला की मागच्या रांगेतल्यांनाही दिसावा.

"बसा काका," ड्रायव्हर म्हणाला.

बाबा खिडकीशी बसले. ती शेजारी बसली. बस सुटली तसे ते मागे वळून खांबाकडे बघत राहिले, आणि मग फार समाधानाने तिच्याकडे वळले.

"बघ. मी म्हटलं नव्हतं तुला? उगाच डोक्यात राख घालून घेतलीस. कंपनी आपल्या माणसाला विसरत नसते."

क्वेरीताईने तोंड उघडलं. आत बरंच काही जमलं होतं; साहेब होते, सल्लागार होता, रिकामी खुर्ची होती, 'धोरणात्मक' होतं. बाबांच्या ओठांवर आज रंग होता. तिने तोंड मिटलं आणि दात इतके घट्ट आवळले की कानाशी कळ आली.

"ब्रेक!" बाबा पुढे ओरडले. "अरे, इथे ब्रेक मारायचा असतो, पुढे काय घरात घुसून मारणार?"